सातबारा यंत्रात गेला. बरोबर गेला काय?

आमच्या बल्लारपुरात सकाळी वृत्तपत्र हाती पडले की त्यात शेतीच्या एखाद्या नव्या यंत्राची अथवा ॲपची वार्ता बहुधा असतेच. उपग्रह पीक मोजील, मोबाईल रोग ओळखील, शेतकऱ्याने घरबसल्या सातबारा काढावा, घरबसल्या कापूस विक्रीस नाव नोंदवावे, अशा त्या वार्ता असतात. सन २०२५ च्या जून महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेचे एक धोरण संमत करून त्याकरिता पाचशे कोटी रुपयांची तरतूद केली, तेव्हा तर आमच्या ओट्यावर दोन दिवस दुसरा विषय नव्हता. कोणी म्हणे, आता पटवाऱ्याचे काम उरले नाही. कोणी म्हणे, आता आपलेच काम उरणार नाही. आम्ही महसूल खात्यात कारकुनी करून अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालो असल्यामुळे मंडळी आमच्याकडे वळून विचारतात, “बाबूजी, यातले खरे किती?” त्या प्रश्नाचे उत्तर ओट्यावर बसून पुरे होत नाही, म्हणून ते येथे लिहीत आहोत.

यंत्राशी आमचे वैर नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. आम्ही नोकरीस लागलो त्या काळी एका उताऱ्यासाठी शेतकऱ्यास दोन-तीन खेपा पडत. पटवारी फेरीवर असे, दप्तर त्याच्या पेटीत असे, आणि पेटीची किल्ली कोठे असे ते देवास ठाऊक. आज पंधरा रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा रात्री बारा वाजताही निघतो. हे सुख खरे आहे व ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु वार्ता देणारे यंत्राविषयी लिहितात. यंत्रात काय भरले आहे याविषयी क्वचितच लिहितात. शेतकऱ्यास मात्र त्या दुसऱ्या गोष्टीशीच कर्तव्य आहे. कणगी नवी, पत्र्याची, चकचकीत आहे एवढ्याने आतील धान किडके नाही असे कोणी म्हणत नाही; मग दप्तराच्या बाबतीत आपण ते का मानावे?

सातबारा म्हणजे गाव नमुना सात व गाव नमुना बारा यांचा एकत्र उतारा, हे वाचकांस सांगावयास नको. सातमध्ये भोगवटादाराचे नाव, क्षेत्र, पोटखराबा, आकार, फेरफाराचे क्रमांक व इतर हक्क. बारामध्ये त्या त्या हंगामाचे पीक. परंतु यापुढची एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसते. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिच्या कलम १५७ अन्वये अधिकार अभिलेखातील नोंद, उलट सिद्ध होईपर्यंत अथवा तिच्या जागी नवी नोंद कायदेशीररीत्या होईपर्यंत, खरी समजली जाते. म्हणजे नोंद चुकली असता ती चुकीची आहे हे दाखविण्याचा भार नोंद करणाऱ्यावर नाही, ज्याचे नुकसान झाले त्याच्यावर आहे. हा नियम शाईच्या काळी होता, तोच संगणकाच्या काळी आहे. फरक इतकाच की, शाईची चूक एका पुस्तकात राही. संगणकातील चूक एकाच वेळी बँकेत, विम्यात, खरेदी केंद्रावर व नुकसानभरपाईच्या यादीत जाऊन बसते.

आता ही दप्तरे यंत्रात कशी गेली ते पाहू. भूमी अभिलेखांच्या संगणकीकरणाची केंद्र सरकारची योजना सन १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रयोगादाखल सुरू झाली. त्या आठांत महाराष्ट्राचा एकच जिल्हा होता, आणि तो आपला शेजारी वर्धा. पुढे २००८ साली राष्ट्रीय कार्यक्रम आला, २०१६ पासून त्याचे नाव बदलून डिजिटल इंडियाशी जोडले गेले. दरम्यान आपल्या राज्यात हस्तलिखित सातबारे गावोगाव टंकित होऊन संगणकात गेले. वार्तेत हे एका वाक्यात येते. प्रत्यक्षात ते कसे घडले ते आम्ही जवळून पाहिले आहे, किंबहुना त्यात आमचाही हात आहे.

या शतकाच्या आरंभीची गोष्ट. गावोगावचे नमुने गाठोड्यात बांधून येत. टंकलेखन करणारी मुले बाहेरची, पगार नोंदींच्या संख्येवर. त्यांनी ना ते गाव पाहिलेले, ना त्या गावची आडनावे ऐकलेली. जुन्या पटवाऱ्यांचे अक्षर मोडी वळणाचे, शाई विटलेली, कडा वाळवीने खाल्लेल्या. टंकित झाल्यावर यंत्रातून याद्या छापून येत व आम्हा कारकुनांनी त्या मूळ पुस्तकाशी ताडून प्रत्येक पानाखाली आद्याक्षर करावे, असा हुकूम असे. पहिल्या दोन गावांत आम्ही अक्षर न् अक्षर ताडले. मग वरून विचारणा होऊ लागली की, अमुक तालुक्याचे इतके टक्के झाले, तुमचे का नाही? तेव्हापासून पाने ताडली जात नाहीशी झाली, आद्याक्षरे मात्र होत राहिली. एका दिवसात दीडशे पाने आम्ही ‘तपासली’ आहेत. ज्यास पुस्तक वाचता येते त्याने हिशेब करावा की, एवढ्या पानांवरचा अंक न् अंक एका मनुष्याकडून पाहून होतो काय.

त्या आद्याक्षरांपैकी एक वीस वर्षांनी आमच्यासमोर आले. सन २०२२ च्या पावसाळ्यात वर्धा नदीस पूर येऊन चंद्रपूर जिल्ह्यातील नदीकाठची शेते पाण्याखाली गेली, हे वाचकांस स्मरत असेलच. त्या वर्षी राज्य सरकारने जिरायत पिकाच्या हानीकरिता हेक्टरी तेरा हजार सहाशे रुपये, तीन हेक्टरांच्या मर्यादेपर्यंत, देण्याचे ठरविले. नदीकाठच्या एका गावची विधवा म्हातारी आमच्या मेजाशी आली. तिचे म्हणणे एवढेच की, शेजाऱ्याचे व तिचे शेत सारखे, बांधास बांध, पाणी दोघांच्याही शेतात कमरेएवढे. मग तिला पैसे कमी का? आम्ही उतारा पाहिला. क्षेत्र एक हेक्टर तीन आर. ती म्हणाली, “बाबूजी, वावर का पाण्यानं आटते का जी?” आम्ही जुने हस्तलिखित पुस्तक काढविले. त्यात एक हेक्टर तीस आर. शून्य व तीन यांची जागा बदलली होती, इतकेच. सत्तावीस आरांचे तीन हजार सहाशे बहात्तर रुपये होतात. तपासणीच्या यादीतील ते पान शोधले, त्याखाली आमचे आद्याक्षर होते.

तिला आम्ही ते सांगितले काय, असे कोणी विचारील. सांगितले; परंतु त्या दिवशी नाही.

क्षेत्राच्या चुका आपल्याकडे एवढ्या का, याचे आणखी एक कारण आहे व ते आपल्याच भागाचे आहे. वऱ्हाडात व देशावर एकराचे चाळीस गुंठे धरीत. आपला चांदा जिल्हा जुन्या मध्यप्रांतातला. येथील खसऱ्यांत एकराचे शंभर भाग धरीत, ज्यांस जुनी माणसे डिसमिल म्हणतात. आता खसऱ्यात ‘३.२०’ असे लिहिले असेल तर आपल्या पद्धतीने ते तीन एकर वीस डिसमिल, म्हणजे सुमारे एक हेक्टर तीस आर. गुंठ्यांची सवय असलेल्या मनुष्याने तेच तीन एकर वीस गुंठे, म्हणजे साडेतीन एकर वाचले, तर हेक्टरात ते सुमारे एक बेचाळीस होते. एकाच अंकाचे दोन अर्थ, आणि फरक बारा आरांचा. कागदावर हा घोळ झाला असता गावचा पटवारी तो बांधावर ओळखी, कारण त्याने शेत पाहिलेले असे. यंत्रास शेत दिसत नाही. त्यास अंक दिसतो. ज्यांच्याकडे १९५४-५५ चे जुने अधिकार अभिलेख, पी-एक वा पी-नऊ यांच्या नकला असतील, त्यांनी आपला आजचा उतारा त्यांच्याशी ताडून पाहावा. मधल्या काळात वाटण्या वा विक्री झाल्या असतील तर फेरफार लावून बेरीज जमवावी. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु एकदाच करावयाचे आहे.

चुका आहेत हे सरकारास ठाऊक नव्हते असे नव्हे. सन २०१७ मध्ये गावोगाव चावडी वाचन करून संगणकातील सातबारे लोकांसमोर वाचून दाखवावेत व चुका टिपून दुरुस्त कराव्यात अशी मोहीम निघाली. कल्पना उत्तम होती. जेथे लोक जमले तेथे पुष्कळ दुरुस्त्या झाल्याही. जेथे वाचन भर दुपारी झाले व गावकरी तेंदूपत्त्यावर वा मजुरीस गेलेले होते, तेथे चार टाळकी जमली व वाचन ‘पूर्ण’ झाले. त्यानंतर १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे सातबारे मिळू लागले.

या डिजिटल स्वाक्षरीविषयी सुशिक्षितांतही मोठा गैरसमज आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. संगणक त्या उताऱ्यातील संपूर्ण मजकुरावरून गणिताच्या एका रीतीने एक ठसा काढतो. मजकुरातील एक अंक जरी बदलला तरी ठसा निराळा येतो. तो ठसा अधिकाऱ्याच्या गुप्त किल्लीने कुलूपबंद होतो, आणि तो तपासण्याची उघडी किल्ली सर्वांस मिळते. म्हणून उताऱ्याखालील पडताळणी क्रमांक संकेतस्थळावर घालून पाहता येते की, हा उतारा सरकारी दप्तरातून निघाला तसाच आहे, मध्ये कोणी खाडाखोड केलेली नाही. खोटे सातबारे करणाऱ्या लबाडांवर हा मोठाच वचक बसला. परंतु स्वाक्षरी एवढेच सांगते की, दप्तरात जे होते तेच कागदावर आहे. दप्तरात होते ते खरे होते असे ती सांगत नाही व सांगू शकत नाही. म्हातारीचा एक हेक्टर तीन आरांचा उताराही डिजिटल स्वाक्षरीचाच होता आणि पडताळणीत तो बिनचूक ठरत होता.

नावांची गोष्ट क्षेत्राहूनही नाजूक. संगणक अक्षर जाणत नाही; प्रत्येक अक्षरास, कान्यामात्र्यास त्याच्यापाशी एक क्रमांक असतो. पूर्वी निरनिराळ्या कंपन्यांच्या मराठी अक्षरसंचांत हे क्रमांक निरनिराळे असत, त्यामुळे एका यंत्रातील ‘कुऱ्हाडे’ दुसऱ्या यंत्रात भलतेच काहीतरी होऊन बसे. युनिकोड नावाच्या जागतिक संकेताने ही अडचण पुष्कळ अंशी दूर केली. त्यात देवनागरीस १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनच स्थान आहे. तरीही मूळ प्रश्न उरतोच. मनुष्यास ‘आत्राम’ व ‘अत्राम’ एकच वाटतात, ‘मडावी’ व ‘मडावि’ यांत तर फरकही दिसत नाही. यंत्रास ती चार निराळी माणसे आहेत. आपल्या जिल्ह्यात गोंडी व तेलुगू वळणाची नावे पुष्कळ. ती लिहिणारा जर त्या भाषेचा नसेल तर प्रत्येक कागदावर तो निराळी लिहितो. त्यात आधार पत्रकावरील नाव इंग्रजीतून मराठीत आलेले, सातबाऱ्यावरील जुन्या पटवाऱ्याच्या कानाने लिहिलेले, आणि बँकेतील शिधापत्रिकेवरून उतरलेले. हे तिन्ही कागद पूर्वी एकमेकांस कधी भेटतच नसत, म्हणून कोणाचे काही अडत नसे. आता ते रोज भेटतात.

कारण आता ॲग्रिस्टॅक नावाची व्यवस्था आली आहे. तीत प्रत्येक शेतकऱ्यास एक ओळख क्रमांक मिळतो. त्यास त्याचे आधार व त्याची जमीन जोडली जाते. आपल्या राज्यात त्याची नोंदणी मोहीम डिसेंबर २०२४ मध्ये निघाली, व १५ एप्रिल २०२५ पासून कृषी खात्याच्या योजनांकरिता हा क्रमांक आवश्यक करण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरात भारतीय कापूस महामंडळाने कपास किसान या ॲपवर नोंदणी सुरू केली. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलास ८११० रुपये होता. त्या भावाने कापूस घालावयाचा तर नाव ॲपवर हवे, आणि किती कापूस घ्यावयाचा ते नोंदलेल्या क्षेत्रावरून ठरावयाचे. म्हणजे क्षेत्र चुकले तर कापूसही तेवढाच कमी घेतला जाणार व उरलेला व्यापाऱ्याकडे, तो सांगेल त्या भावाने. एका अंकाची किंमत आता अशी प्रत्येक हंगामात द्यावी लागते.

पीक पाहणीची कथाही तीच. पूर्वी पटवारी गिरदावरीस येई, निदान येणे अपेक्षित असे. पुष्कळदा तो मागील वर्षीचे पीक यंदाही उतरवून मोकळा होई, हे आम्ही लपवीत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी राज्यभर सुरू झाली व शेतकऱ्याने स्वतः शेतात उभे राहून छायाचित्रासह पीक नोंदवावे असे ठरले. तत्त्व म्हणून आम्हांस हे सर्वथा मान्य आहे. आपल्या पिकाची साक्ष आपणच द्यावी यासारखे दुसरे उत्तम काय? परंतु कोठारीच्या पुढे जंगलाच्या कडेस गेले की मोबाईलचा संदेशलहरीशी संबंध तुटतो, आणि ज्याचे शेत तेथे त्याच्याकडे असा मोबाईल बहुधा नसतोच. मुलगा पुण्यास कारखान्यात. घरी म्हातारा म्हातारी. छायाचित्र शेतातच काढावे लागते, म्हणून मुलाने पुण्याहून ते करून चालत नाही. गावच्या सहायकाकडून राहिलेली पाहणी करून घेण्याची तरतूद आहे. ती आहे हे पुष्कळांस मुदत संपल्यावर कळते. पेरणी झाली की बांधावर बसून वाट पाहू नये. पहिल्या पंधरवड्यात नोंद करावी. नोंद चुकली तर अठ्ठेचाळीस तासांत ती आपणच सुधारावी, ही सोय २०२२ च्या आवृत्तीत दिली गेली. नोंद झाल्याचा पडदा दिसला म्हणजे काम झाले असे समजू नये. आठ-दहा दिवसांनी नमुना बारा काढून पीक खरोखर चढले की नाही ते डोळ्यांनी पाहावे.

आता वार्तांकडे वळतो, कारण प्रश्न तेथूनच निघाला होता. यंत्रविद्येची वार्ता वाचताना आम्ही तीन-चार गोष्टी पाहण्याची सवय लावून घेतली आहे. उद्घाटन झाले असे लिहिले आहे की चालू आहे असे? उद्घाटनाची वार्ता पहिल्या पानावर येते, बंद पडल्याची कोठेच येत नाही. इतके लक्ष सातबारे ‘पूर्ण’ झाले म्हणतात, ते मोजले कशाचे? भरलेल्या नोंदी मोजल्या की बरोबर असलेल्या? नोंदींची संख्या यंत्र एका क्षणात सांगते. बरोबर किती हे सांगावयास कोणीतरी पुस्तक उघडून बसावे लागते, आणि ते आम्ही कसे बसलो ते वर लिहिलेच आहे. आणि बोलणारा कोण? ज्याने यंत्र विकले तो, ज्याने विकत घेतले तो, की ज्यास ते वापरावे लागते तो? आमच्या पाहण्यात तिसऱ्याचा शब्द फार थोडा येतो.

व्यापाराचा भागही विसरून चालणार नाही. शेतकऱ्याची जमीन, पीक, कर्ज व उत्पन्न ही माहिती एकत्र झाली म्हणजे ती मोलाची वस्तू होते. बियाणेवाल्यास, खतवाल्यास, विमेवाल्यास व सावकारी करणाऱ्या नव्या कंपन्यांस ती हवी असते. सन २०२१ मध्ये केंद्रीय कृषी खात्याने ॲग्रिस्टॅकच्या प्रयोगाकरिता सहा राज्यांतील शंभर गावांसाठी मायक्रोसॉफ्ट या अमेरिकन कंपनीशी सामंजस्य करार केला, तेव्हा देशातील अनेक संघटनांनी हरकत घेतली ती याच कारणाने. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला व संमतीवाचून माहिती वापरू नये असे तत्त्व त्यात आले. संमती म्हणजे काय, तर पडद्यावरील एक चौकोन. आणि त्या चौकोनास बोट लावल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही. अंगठा देण्यापूर्वी कागद वाचून घेण्याची जी रीत आपल्या आजोबांनी सावकाराकडून ठेचा खाऊन शिकली, तीच येथे लागू करावी.

शेतकऱ्याने दिलेल्या वस्तूचे मोल पुढे कोणास मिळते याचे उदाहरण शोधण्यास आपल्याला अमेरिकेस जावयास नको. नागभीड तालुक्यातील नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी सन १९८३ च्या सुमारास आपल्या शेतातील पटेल-३ या धानात निराळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचून, त्या वर्षानुवर्षे लावून, बारीक दाण्याचे एक वाण सिद्ध केले. त्या काळी एच.एम.टी.ची घड्याळे लोकांस प्रिय होती म्हणून वाणासही तेच नाव पडले. १९९४ मध्ये कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बी नेले व पुढे पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसृत झाले. ते धान कित्येक राज्यांत पेरले गेले, बाजारात त्याचा भाव चढा राहिला. दादाजींस मानसन्मान मिळाले, परंतु उपजीविका सुखाची झाली नाही. ३ जून २०१८ रोजी ते निवर्तले, तेव्हा उपचारास पैसे नसल्याच्या वार्ता वृत्तपत्रांत आल्या होत्या. बियाणे असो वा माहिती, हातातून गेल्यावर तिची वाटणी ठरविता येत नाही.

नोंदीतील एक शब्द किती पिढ्या पुरतो, हे पाहावयाचे तर झुडपी जंगलाचे प्रकरण पाहावे. जुन्या मध्यप्रांताच्या कागदांत गावच्या पडीत जमिनीचे वर्णन मोठ्या झाडांचे जंगल, लहान झाडांचे जंगल, झुडपी जंगल असे करीत. लिहिणाऱ्याने पाहिले, काटेरी झुडपे दिसली, त्याने तसे लिहिले. त्यावर पुढे गावठाणे वाढली, शाळा झाल्या, शेते झाली. कागदावरचा शब्द तसाच राहिला. १९८० मध्ये वनसंवर्धन कायदा आला, १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ शब्दाचा व्यापक अर्थ केला, आणि पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांतील शहाऐंशी हजार हेक्टरांहून अधिक जमीन त्या एका शब्दामुळे अडकली. २२ मे २०२५ रोजी न्यायालयाने ही जमीन वनच होय असे ठरविले. १९९६ पूर्वीच्या वापरास मार्ग ठेवला, परंतु तोही केंद्राच्या मान्यतेच्या दारातून. ज्या अज्ञात कारकुनाने तो शब्द लिहिला त्याच्या हाती बोरू होता. आज त्याच्या हाती कळफलक असता तर शब्द बदलला नसता, फक्त लवकर लिहून झाला असता.

आणि ज्यांचे नाव दप्तरात नाहीच त्यांचे काय? २००६ च्या वनहक्क कायद्याने ज्यांस पट्टे मिळाले अशी आदिवासी कुटुंबे आपल्या व गडचिरोली जिल्ह्यांत पुष्कळ आहेत. सातबाऱ्यावर बांधलेल्या व्यवस्थेत त्यांस सर्वांत शेवटी जागा मिळते. हा विषय स्वतंत्र लेखाचा आहे. तो लिहिण्याचा आमचा मानस आहे.

दुरुस्तीची वाट कोणती, हे सांगून पुरे करतो. चूक जर लेखनप्रमादाची असेल, म्हणजे मूळ हस्तलिखितात बरोबर व संगणकात चूक, तर संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराकडे अर्ज करावा. अर्जास आजचा उतारा, संगणकापूर्वीच्या शेवटच्या हस्तलिखित सातबाऱ्याची प्रमाणित नक्कल व संबंधित फेरफाराची नक्कल जोडावी. नक्कल स्वतः अगोदर काढावी. ‘कचेरीत आहेच’ या भरवशावर राहू नये. लगतच्या खातेदारांस नोटीस निघते, हरकत नसल्यास दुरुस्ती होते. हक्काचाच वाद असेल तर हे कलम कामाचे नाही. तेथे कलम २४७ चे अपील अथवा दिवाणी न्यायालय. वारस नोंद, कर्जाचा बोजा कमी करणे यांसारख्या कामांकरिता ई-हक्क प्रणालीवर अर्ज करता येतो व त्याचा क्रमांक मिळतो, तो जपून ठेवावा. आपल्या जमिनीवर कोणी फेरफार घालीत आहे काय, हे ‘आपली चावडी’ या स्थळावर दिसते. हरकतीस पंधरा दिवस असतात. महिन्यातून एकदा पाहण्याची सवय ठेवावी. नातवास सांगितले तर तो पाच मिनिटांत पाहून देईल.

म्हातारीच्या क्षेत्राची दुरुस्ती अकरा महिन्यांनी झाली. मंडळ अधिकाऱ्याने फेरफार प्रमाणित केला, तेव्हा नवा उतारा आम्ही स्वतः तिच्या घरी नेऊन दिला व ते आद्याक्षर कोणाचे होते तेही तेव्हाच सांगितले. तिने चहा केला. त्या विषयावर काही बोलली नाही. पुराच्या भरपाईची यादी तोवर बंद झाली होती, म्हणून तीन हजार सहाशे बहात्तर रुपये तिला मिळाले नाहीत. ते आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून द्यावयास गेलो, तर तिने घेतले नाहीत.

बाजाराच्या दिवशी सकाळी दहापासून आम्ही आपल्या संघाच्या कचेरीत बसतो. ज्यांस उतारा ताडून पाहावयाचा असेल त्यांनी येताना आठ-अ, जुने असतील नसतील ते कागद व आधार पत्रक आणावे. चष्मा विसरू नये.